खुर्चीवाल्याचा शेवट

मी भित्री आहे हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही भयपट आला की तो माझ्याच टेबलावर येऊन पडतो. कारण विचारलं तर म्हणतात, "बाई, तुमचा आवाज फार छान कापतो." यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे शोधायच्या भानगडीत मी पडत नाही.

काम असं. ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी मी चित्रपटाचं वर्णन लिहिते आणि वाचते. पडद्यावरची माणसं बोलायची थांबली की मधल्या मोकळ्या जागेत माझा आवाज येतो. तो खिडकीपाशी जातो. ती पत्र उशीखाली सरकवते. बस, एवढंच. जे दिसतं ते सांगायचं, दिसायच्या आधी सांगायचं नाही, आणि स्वतःची अक्कल पाजळायची नाही. 'ती दुःखी आहे' असं लिहिलं की मास्तर ते खोडतो. मास्तर म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट. शाळेत त्याने कधी शिकवलं नाही, पण उठसूट दुसऱ्यांच्या चुका काढतो म्हणून मास्तर. "दुःखी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?" तो विचारतो. "खाली बघतेय ना? मग 'खाली बघते' लिहा. दुःखी व्हायचं काम ऐकणाऱ्याचं." बोलतो शिष्टासारखा. पण बोलतो ते बरोबर असतं आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

तर एका सोमवारी नव्या चित्रपटांची यादी आली आणि तिच्यात 'खुर्चीवाला' होता.

खरं नाव भलतंच लांबलचक आणि भपकेदार होतं, पण आमच्या घरात तो चाळीस वर्षं खुर्चीवालाच. आला तेव्हा दोन आठवड्यांत आपटला आणि थिएटरातून जो गेला तो कुणाला पुन्हा दिसलाच नाही. आता कुठल्याशा गोदामात त्याची एक प्रत सापडली होती, कुणीतरी ती डागडुजी करून नव्याने आणणार होतं. मी यादी हातात धरून उभ्या उभ्या दोनदा वाचली. माझा सगळ्यात आवडता चित्रपट. आणि मी तो धड पाहिलेला नव्हता.

हे जरा नीट सांगायला हवं. तेव्हा मी नऊ वर्षांची आणि दादा पंधरा वर्षांचा. दादाला भयपटांचं वेड होतं. शुक्रवारी एकटा जाऊन बघून यायचा आणि रविवारी मला घेऊन पुन्हा जायचा. "नेली नाही तर ही आईकडे चहाड्या करेल," असं त्याचं म्हणणं. मी जायचे, कारण दादा बोलावतोय म्हटल्यावर मी विहिरीतही उडी टाकली असती. दिवे मालवले की माझी पाचावर धारण बसायची. मग दादा माझ्या कानाला लागायचा. "मीट डोळे." मी मिटायचे. "तो जिना चढतोय. दार उघडलं. काही नाही, मांजर आहे. आता थांब... थांब... झालं. उघड." असे आम्ही वीसेक चित्रपट पाहिले असतील; म्हणजे त्याने पाहिले आणि मी ऐकले. शाळेत मात्र मी असा काही आव आणायचे की भुतं माझ्याकडे शिकवणीला येत असावीत. घरी दादा मला भागूबाई म्हणायचा. अजून म्हणतो.

खुर्चीवाल्याची गोष्ट साधी होती. आई, बाप, मुलगा आणि धाकटी मुलगी तळ्याकाठच्या एका घरात राहायला येतात. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या. एका सकाळी बघतात तर पाच. कुणी आणली कुणाला माहीत नाही. बाप ती माळ्यावर टाकतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा पाच. भूत नाही, रक्त नाही, किंचाळ्या नाहीत, पण त्या पाचव्या खुर्चीने माझी महिनाभर झोप उडवली होती. शेवटी धाकटी मुलगी नाहीशी होते, सगळे तळ्याकाठी तिला हाका मारत फिरतात, आणि मग सकाळ होते. तो भाग आला तेव्हा मी डोळे गच्च मिटून दादाचा दंड धरून बसले होते. चमचे वाजल्याचं ऐकू आलं. कपबशा वाजल्या. बाप काहीतरी बोलला आणि सगळे हसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सापडली," दादा कानात म्हणाला. "सगळे बसून नाश्ता करतायत. पाचवी खुर्ची गेली."

म्हणून तो माझा आवडता. एवढं सगळं झाल्यावर माणसं एकत्र बसून खातात, याहून चांगला शेवट मला पुढे कधी भेटला नाही. माझ्या मुलांनाही मी ती गोष्ट सांगितली, अगदी चमच्यांच्या आवाजासकट.

आता दादाविषयी. त्याने तीस वर्षं एका रंगाच्या दुकानात रंग जुळवून दिले. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा कागदात बांधून आणायचं, दादा तो दाराशी उजेडात धरायचा आणि सांगायचा, पांढऱ्यात पिवळा एवढा, काळ्याचा एक थेंब. लावल्यावर जुना रंग कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला हे घरमालकालाही सांगता यायचं नाही. त्याच डोळ्यांना काचबिंदू झाला. कडेकडेचं दिसेनासं झालं तेव्हा त्याने चष्म्याला नावं ठेवली, मग दुकानातल्या दिव्यांना ठेवली, मग दुकानाच्या मालकाला ठेवली, आणि डॉक्टरांकडे गेला तोवर फार उशीर झाला होता. गेल्या वर्षी उरलंसुरलंही गेलं.

मार्च महिन्यात शेवटच्या तपासणीचा निकाल आणायला मी आणि वहिनी गेलो. दादाला ताप होता म्हणून तो घरीच होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. नस सुकली आहे, म्हणाले, आता ऑपरेशनचा काही उपयोग नाही. काठी घेऊन चालायला शिकवा, जितकं लवकर शिकतील तितकं बरं. वहिनी बाहेर येऊन बाकावर बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "ह्यांना आत्ता नको गं सांगायला. खचतील. जरा सावरू दे." मी मान डोलावली. घरी आल्यावर ती दादाला म्हणाली, "थोडे महिने थांबू म्हणतायत डॉक्टर, मग ऑपरेशनचं बघू." दादाने माझ्या दिशेने मान वळवली. मी म्हटलं, "हो, दादा."

त्या दोन शब्दांच्या भरवशावर दादा आठ महिने बसून होता. अगदी शब्दशः बसून. मागच्या खोलीत, खिडकीशी, हात मांडीवर. काठीचं नाव काढलं की डाफरायचा, "चार महिन्यांसाठी काठी कशाला? लोकांना तमाशा!" कुठे जायचा नाही, कुणी आलेलं त्याला चालायचं नाही. चित्रपटाचा तर विषयच नको. "डोळे आले की बघेन. एकदम सगळे बघेन." आणि इकडे वहिनीचं 'जरा सावरू दे' हे 'पुढच्या महिन्यात बघू' होऊन बसलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं. पण टोपली उचलणार कोण? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी दर रविवारी जायचे, छान छान बोलायचे, आणि परत येताना बसमध्ये स्वतःलाच शिव्या द्यायचे.

खुर्चीवाला यादीत दिसला तेव्हा मला वाटलं, या निमित्ताने तरी तो त्या खोलीतून बाहेर पडेल.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता, सगळे दिवे लावून, मास्तरला शेजारी बसवून मी खुर्चीवाला उघड्या डोळ्यांनी बघितला. अर्ध्या तासाने मास्तर म्हणाला, "बाई, माझा हात सोडा. मला वेळा लिहून घ्यायच्यात." मी सोडला. तळ्याकाठच्या हाका झाल्या. सकाळ झाली. चमचे वाजले, कपबशा वाजल्या. बाप म्हणाला, "लोणी इकडे कर, सगळं एकटाच संपवशील," आणि सगळे हसले.

टेबलाला तीन खुर्च्या होत्या.

तीन खुर्च्या आणि तीन माणसं. धाकटी नव्हती आणि कुणी तिला शोधत नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत आधी चौघं होती, आता तिघंच होती. भाऊ पाय हलवत पावाला लोणी लावत होता. आपल्याला बहीण होती हेच त्याला आठवत नव्हतं.

मी हेडफोन काढून ठेवले. आधी भीती वाटली आणि मग दादाचा असा राग आला म्हणता! चाळीस वर्षं मी एका थापेला आवडता चित्रपट म्हणत आले होते, वर ती थाप पोटच्या पोरांनाही सांगितली होती. राग जरा ओसरल्यावर वाटलं, नऊ वर्षांच्या पोरीच्या कानात हे कोण सांगेल? मी तरी सांगितलं असतं का?

"आता एक गंमत बघा," मास्तर म्हणाला. त्याने चित्र बंद केलं आणि तेवढाच भाग पुन्हा लावला. काळ्या पडद्यावर चमचे, कपबशा, बापाची थट्टा, हसणं. एका सुखी घराचा नाश्ता. "तुम्ही बोलला नाहीत, तर ऐकणाऱ्याला वाटेल सगळं गोड झालं. हसणं थांबल्यावर चौदा सेकंद मोकळे आहेत. आख्खा चित्रपट त्या चौदा सेकंदांत आहे."

त्या आठवड्यात मी मसुदा लिहिला आणि मास्तरने तो माझ्या हातात परत ठेवला. "हे काय आहे? 'माळ्याचं दार आता उघडेल.' 'मागे कुणी नाही, नुसता पडदा हलतोय.' प्रत्येक ठिकाणी दोन सेकंद आधी सांगून मोकळ्या. प्रेक्षकाला घाबरवायचंय की धीर द्यायचाय?" मी वाचून बघितलं. खरं होतं. भयपट सांगायची एकच पद्धत मला येत होती आणि ती दादाची होती. ती माणसाने घाबरू नये म्हणून होती. शेवटच्या चौदा सेकंदांपुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. मास्तरने तिथे लाल पेनाने गोल केला. "लिहिते," मी म्हटलं.

रविवारी मसुदा घेऊनच दादाकडे गेले. तो खिडकीशी बसला होता.

"दादा, खुर्चीवाला आलाय माझ्याकडे."

त्याने मान वळवली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "खरा? आख्खा?"

"आख्खा. पण मी लिहिलेलं ऐकून आमचा मास्तर म्हणतो, याने कुणी घाबरायचं नाही."

"वाच बघू."

मी पहिलं पान वाचलं आणि दादा चक्क हसायला लागला. "भागूबाई, हे वर्णन आहे की अंगाई? 'सुंदर, प्रशस्त जेवणघर.' सुंदर काय डोंबलाचं! खोली सांग मला. दारातून टेबल किती पावलांवर? खुर्च्यांची पाठ खिडकीकडे की दाराकडे? आधी ते घर माझ्या अंगवळणी पडू दे. आपलंच वाटलं पाहिजे. मग एकच खुर्ची वाढव. परक्या घरात पन्नास भुतं नाचली तरी माझं काय जातंय?" त्याने हात पुढे करून समोरचं स्टूल चाचपलं. "परवा हिने झाडताना हे वीतभर सरकवलं. माझा गुडघा आपटला. तुला सांगतो, काळजात धस्स झालं. लागलं म्हणून नाही गं. ते तिथे असायला नको होतं म्हणून."

मी भराभर लिहून घेत होते. दादा बोलत होता, हातवारे करत होता, आणि मला वाटलं, आता हा थांबू नये.

"आणि सगळ्यात जास्त भीती कशाची? भयपटात?"

दादा म्हणाला, "पूर्वी विचारलं असतंस तर म्हटलं असतं, दार उघडायच्या आधीची. आता वेगळं वाटतं. सगळ्यांना ठाऊक असतं आणि एकालाच नसतं ना, ती खरी भीती. तो गडी शीळ घालत जिना चढतोय. प्रेक्षकांना माहीत आहे, घरातल्यांना माहीत आहे, त्याला सोडून सगळ्यांना. आणि ते ओळखायचं कसं सांगू? घरातले एकदम गोड बोलायला लागतात. भांडणं बंद. मागेल ते हातात. असं झालं की समजावं, गड्या, आपलं काही खरं नाही."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रेमधले कप किणकिणले. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या दोघींच्या पाठीशी तो त्या क्षणी उभाच होता. वहिनी ट्रे ठेवून आत गेली आणि मी, शूर बाई, विषय बदलला.

"बरं, शेवटाचं काय करू? तू तेव्हा मला सांगितलंस, सापडली, नाश्ता करतायत."

हे मी मुद्दाम टोचून विचारलं. मला त्याच्या तोंडून थापेची कबुली हवी होती. दादा बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"मला काय माहीत शेवट?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी पण डोळे मिटले होते."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"शुक्रवारी एकटा गेलो तेव्हा ते तळ्याचं सुरू झालं आणि मी उठून बाहेर आलो. लघवीला लागली म्हणून. कुणी विचारलंही नव्हतं, माझं मलाच सांगितलं. रविवारी तू होतीस, तुझ्यासमोर कसा उठणार? बसलो. पण मिटले. मग चमचे ऐकू आले, हसणं ऐकू आलं, म्हटलं झालं वाटतं सगळं बरं. तेच तुला सांगितलं." तो ओशाळून हसला. "असा हा तुझा दादा. नंतर कुठे मिळाला नाही, आणि खरं बोलायचं तर मी शोधलाही नाही. सापडते ना ती?"

मी चहा संपवला. "शुक्रवारी स्टुडिओत ये आणि ऐक."

"नखरे करू नकोस. सांग."

"दिसायच्या आधी सांगायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे."

"मोठी आली नियमवाली," दादा म्हणाला. पण येतो म्हणाला.

वहिनी मला सोडायला दाराबाहेर आली. दादा घराबाहेर पडणार यावर तिचा विश्वास बसत नव्हता. डोळे पुसत हसत होती. मग तिने हळूच विचारलं, "शेवट गोड आहे ना गं त्याचा?"

"नाही."

"मग बदल ना. त्यांना कुठे दिसणार आहे..." आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

तिच्यावर रागवायचा मला काही अधिकार नव्हता. तोच विचार माझ्याही डोक्यात मंगळवारपासून ठाण मांडून होता. खोटं बोलायचीही गरज नव्हती. चौदा सेकंद गप्प बसलं की काम झालं. दादाला सुखी नाश्ता ऐकू येईल, तो घरी जाईल, कदाचित पुढच्या शुक्रवारी पुन्हा येईल. गप्प बसण्यात मी आठ महिन्यांत चांगली तयार झाले होते.

शुक्रवारी दुपारी दादा आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, माझं कोपर धरून, प्रत्येक पायरीला कुरकुरत. मास्तरने त्याला बाहेर, ऐकणाऱ्यांच्या खोलीत बसवायची तयारी केली होती, पण दादा म्हणाला, "मी भागूबाईशेजारीच बसणार." "आज नुसती तालीमच आहे, बसू दे," म्हणत मास्तरने आतल्या काचेच्या खोलीत आणखी एक खुर्ची आणून ठेवली आणि दादाच्या कानांना हेडफोन लावले. चित्रपट सुरू झाला आणि मी वाचायला लागले.

मी सगळं नव्याने लिहिलं होतं. दारापासून टेबल सहा पावलांवर. बापाची पाठ खिडकीकडे, धाकटीची दाराकडे. तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत. मी ते घर इतक्यांदा सांगितलं की दादा मधेच मान हलवायला लागला, जणू तोच तिथे रोज जेवत होता. मग एका सकाळी मी म्हटलं, "टेबलाला पाच खुर्च्या आहेत," आणि पुढे काही बोलले नाही. दादाचा श्वास अडकलेला मला माझ्या हेडफोनमधूनही ऐकू आला. तिथून तो खुर्चीच्या टोकावर येऊन बसला. माळ्याच्या दाराशी त्याने माझी बाही पकडली. तळ्याकाठच्या हाका सुरू झाल्या तेव्हा मी वाचायची थांबल्यावर माझ्याकडे झुकून कुजबुजला, "मिटू का डोळे?" मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. आवाज कापतो म्हणून मला काम देतात. तो कापू नये म्हणून मी पाण्याचा घोट घेतला.

सकाळ झाली. चमचे वाजले. कपबशा वाजल्या. बापाने लोणी मागितलं. सगळे हसले. दादाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं, चाळीस वर्षांपूर्वीचं, सगळं बरं झाल्याचं. काचेपलीकडे मास्तरने बोट वर केलं. चौदा सेकंद.

मी ते हसू बघितलं. एवढं त्याच्याकडे राहू द्यावं असं मला मनापासून वाटलं. आणि मग वाटलं, हेच तर मी मार्चपासून करतेय.

"टेबलाला तीन खुर्च्या आहेत," मी वाचलं. "बाप, आई आणि मुलगा. भिंतीवरच्या फोटोत तिघं आहेत. दाराकडची जागा रिकामी आहे. तिकडे कुणी बघत नाही. मुलगा पावाला लोणी लावतो. तो हसतो."

संगीत आलं, नावं यायला लागली. मास्तर काचेतून काहीतरी विचारणार होता, पण आमच्याकडे बघून त्याने पाठ फिरवली आणि बाहेरच्या खोलीत निघून गेला.

"म्हणजे ती सापडत नाही," दादा म्हणाला.

"नाही."

"आणि भावाला आठवतही नाही."

"नाही, दादा."

"अरे देवा." त्याने हेडफोन काढले आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "हात लाव. काटा आलाय बघ." खरंच आला होता. "भयंकर आहे. फार भयंकर आहे. आणि तुला सांगतो, बरं वाटलं. इतकी वर्षं मधूनच वाटायचं, त्या सकाळी काहीतरी होतं आणि आपण बघितलं नाही." त्याने मनगट खाली घेतलं. "तू गप्प बसली असतीस तर मला कळलंसुद्धा नसतं."

"नसतं कळलं."

"मग आता दुसरंही सांग."

"काय?"

"भागूबाई," दादा म्हणाला, "आठ महिन्यांत माझ्याशी घरात कुणीही भांडलेलं नाही."

मला वहिनीचा चेहरा आठवला, बाकावरचा. तिला दिलेला शब्द आठवला. मनात शंभर वाक्यं तयार झाली आणि प्रत्येकाच्या शेवटी एक 'पण' होता. मी ते सगळे खोडले.

"नस सुकली आहे," मी म्हटलं. "ऑपरेशन होणार नाही. तुला पुन्हा दिसणार नाही."

"कधी कळलं?"

"मार्चमध्ये."

दादा बोटांवर महिने मोजायला लागला. मोजता मोजता तो रडायला लागला. मोठ्याने नाही, पण लपवलंही नाही. दादाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मीही रडले. "माझं चुकलं, दादा," मी म्हटलं. त्याने जाऊ दे म्हटलं नाही. "चुकलंच," तो म्हणाला. "आठ महिने मी त्या खिडकीशी वाट बघत बसलो होतो." ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं. मी त्याचा हात धरून बसले. त्याने तो सोडवून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं.

"हिला माहीत आहे?"

"वहिनी होती माझ्याबरोबर."

"म्हणजे तिलाही मार्चपासून." त्याने हातातले हेडफोन चाचपून टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "रोज माझ्यासमोर बसून ऑपरेशनच्या गप्पा मारायची. एकटीच किती घाबरत असेल बिचारी." त्याने टेबलाची कड धरली आणि उभा राहिला. "चल, घरी ने मला. तिला सांगतो, मला कळलंय म्हणून. मग तिलाही माझ्याशी मोकळेपणी भांडता येईल."